साइड इम्पॅक्टसाठी डोअर पॅड: फोम किती घालायचा आणि कुठे

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरात मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका ग्रुपने प्रोजेक्टसाठी लहान हॅचबॅकचं पुढचं दार घेतलंय. दारात बीम, म्हणजे पत्र्यांमधली आडवी पोलादी दांडी, आहेच. प्लास्टिकचा डोअर पॅड (दाराचं आतून दिसणारं आवरण) आणि आतला पत्रा यांच्यामध्ये त्यांना साधारण ५५ मि.मी. जागा सापडली. ही सगळी जागा घट्ट फोमने भरली तर बाजूने धडक बसल्यावर माणूस वाचेल का, की त्यापेक्षा बीमच जाड करावा, असं विचारलंय.

दोन्ही नको. बरीच वर्षं डोअर ट्रिमच्या कामात काढल्यावर माझं मत असं झालंय की डोअर पॅड मऊ आहे की कडक, हा प्रश्नच दुय्यम आहे. दार आत येणारच. ते माणसाच्या कुठल्या भागाला आधी ढकलणार, किती जोराने ढकलणार आणि कुठल्या भागाला लागणारच नाही, हे ठरवणं म्हणजे डोअर पॅडचं डिझाइन.

आधी हिशोब करू, म्हणजे फोमकडून किती अपेक्षा ठेवायची ते कळेल. आपल्याकडे साइड इम्पॅक्टसाठी एआयएस-०९९ हे मानक आहे. नव्या मॉडेलांना ते ऑक्टोबर २०१७ पासून आणि आधीपासून विक्रीत असलेल्यांना ऑक्टोबर २०१९ पासून लागू झालं. ते युरोपातल्या यूएन रेग्युलेशन ९५ च्या धर्तीवर आहे. ९५० किलोची ट्रॉली, पुढे ॲल्युमिनियमचा चेपणारा ठोकळा, ताशी ५० कि.मी. वेगाने उभ्या गाडीच्या कुशीत काटकोनात येते. ठोकळा १५०० मि.मी. रुंद आणि ५०० मि.मी. उंच, खालची कड जमिनीपासून ३०० मि.मी. वर. त्याची मध्यरेषा पुढच्या सीटवरच्या माणसाच्या कंबरेच्या रेषेत धरतात. म्हणजे नेम थेट तुमच्या पेल्व्हिसवर, कंबरेच्या हाडांच्या कड्यावर.

या ट्रॉलीची ऊर्जा होते साधारण ९१,६०० ज्यूल. आता तुमचा फोमचा ठोकळा घ्या: १५० बाय १२० मि.मी., दाबला जाताना ०.२ मेगापास्कलला टिकणारा. म्हणजे बल ३.६ किलोन्यूटन. तो ४० मि.मी. चेपला तर १४४ ज्यूल खाल्ले. ९१,६०० पुढे १४४! धडकेची ऊर्जा पचवणं हे फोमचं काम नव्हेच. ते बी-पिलर (पुढच्या आणि मागच्या दारामधला खांब), सिल (दाराखालची चौकट), छताची कड, बीम आणि ट्रॉलीचा स्वतःचा ठोकळा करतात आणि उरलेली ऊर्जा दोन्ही गाड्या एकत्र सरकण्यात जाते.

गाडी १००० किलोची धरली तर धडकेनंतर दोघींचा सामाईक वेग येतो ताशी २४ कि.मी., म्हणजे सेकंदाला ६.८ मीटर. आत बसलेल्या माणसाचा वेग धडक बसते त्या क्षणी शून्य असतो. त्यालाही ६.८ पर्यंत जावंच लागतं, त्यातून सुटका नाही. हे काम ३० मिलिसेकंदांत झालं तर सरासरी २३ जी (गुरुत्वाकर्षणाच्या २३ पट), १५ मिलिसेकंदांत झालं तर ४६ जी. फरक एवढ्यातच आहे. त्यामुळे साइड इम्पॅक्टमध्ये माणसाला लवकर ढकलायला सुरुवात करणं फायद्याचं असतं. समोरच्या धडकेचा अभ्यास करून आलेल्या मुलांना हे उलटं वाटतं, कारण तिथे बॉनेटची लांबी हाताशी असते. इथे पत्र्यापासून बरगडीपर्यंत एक वीत, फार तर दीड वीत.

मग ढकलायचं कुठे? पेल्व्हिसला. शरीराच्या बाजूला सगळ्यात दणकट भाग तोच, आणि तो सरकला की धड त्याच्यासोबत जायला लागतं. बरगड्या त्यामानाने नाजूक. पोटाच्या बाजूला तर संरक्षण देणारं हाडच नाही, आत यकृत आणि प्लीहा. मानकातल्या मर्यादा पाहिल्या तरी हाच क्रम दिसतो. पेल्व्हिसच्या पुढच्या सांध्यावर ६ किलोन्यूटनपर्यंत चालतं, पोटावर डमीच्या (चाचणीत बसवलेल्या माणसाच्या पुतळ्याच्या) आत मोजलेलं बल २.५ किलोन्यूटनच्या वर जाता कामा नये, आणि बरगडी ४२ मि.मी. पेक्षा जास्त दबता कामा नये. शिवाय छातीसाठी व्हिस्कस क्रायटेरियन आहे, सेकंदाला १ मीटरपर्यंत. त्यात बरगडी किती दबली यासोबत किती वेगाने दबली हेही धरतात. म्हणून छातीसमोरचा भाग नुसता मऊ असून भागत नाही. जोरात आत येणारं मऊ दारही या आकड्यात नापास होतं.

तुम्ही म्हणता तसा सगळ्या दारभर एकच घट्ट फोम भरला तर काय होईल? पेल्व्हिसला हवं ते बल मिळेल, पण तेच बल त्याच वेळी पोटावर आणि खालच्या बरगडीवरही येईल. तुमची सगळ्यात मोठी चूक होईल ती ही, घनता कमी-जास्त असण्याची नव्हे.

बीमबद्दल दोन ओळी पुरेत. बीमची ताकद त्याच्या टोकांइतकीच. बिजागरी आणि लॅच ज्या पिलरांना धरून आहेत ते मुडपले तर जाड बीम अख्खाच्या अख्खा आत येतो. बी-पिलरचं खरं कसब वेगळं: वरचा भाग ताठ ठेवायचा आणि खाली, सीटच्या पातळीला, मुद्दाम थोडा नरम ठेवायचा, म्हणजे पिलर छातीपाशी कोपरासारखा न मोडता खालून झुलत आत येतो. हॉट स्टॅम्पिंग, म्हणजे तापवलेला पत्रा साच्यात दाबून कडक करणं, करताना पिलरचा खालचा पट्टा कमी कडक ठेवतात तो यासाठीच. तुमच्या प्रोजेक्टमध्ये हे दिलेलं गृहीत धरा आणि डोअर पॅडवरच राहा.

आता वेळापत्रक. आकडे गाडीगणिक बदलतात, पण साधारण असं धरा. धडकेनंतर पाच ते दहा मिलिसेकंदांत एअरबॅगच्या कंट्रोलरला निर्णय घ्यावा लागतो. पंधरा-वीसपर्यंत सीटच्या कडेतली साइड एअरबॅग भरलेली हवी. वीस ते तीसच्या दरम्यान डोअर पॅड माणसाला टेकतो, तेव्हा दाराचा आतला भाग सेकंदाला दहा मीटरच्या आसपास वेगाने येत असतो. पन्नास-साठपर्यंत बहुतेक खेळ संपलेला. पेल्व्हिससमोरचा ठोकळा बाकी पॅडपेक्षा थोडा पुढे आलेला असेल तर पेल्व्हिसला चार-पाच मिलिसेकंद आधी धक्का लागतो, आणि छातीपर्यंत दार पोचेस्तोवर छाती थोडी सरकलेली असते. हे चार-पाच मिलिसेकंद मिळवण्यासाठी स्टायलिंगवाल्यांशी महिनोन्‌महिने भांडणं होतात, कारण त्यांना दाराची रेघ गुळगुळीत हवी असते.

तुमच्या ५५ मि.मी. चं काय करायचं ते बघू. फोम पूर्ण जाडी चेपत नाही. साधारण ६५ टक्क्यांनंतर त्यातली हवा संपते, बलाचा आलेख उभा चढतो आणि फोम लाकडासारखा वागतो. यालाच आपण बॉटमिंग म्हणतो. म्हणजे तुमच्याकडे कामाचे ३६ मि.मी. आहेत. पेल्व्हिसचं वागणं दाखवायला १५ किलोचं वजन सेकंदाला ५ मीटर वेगाने आदळलं असं धरलं, तर ऊर्जा १८७ ज्यूल. ती ३६ मि.मी. मध्ये जिरवायला सरासरी ५.२ किलोन्यूटन बल लागेल. ६ च्या मर्यादेजवळ गेलात, पण आत आहात. ०.२ मेगापास्कलचा नरम फोम घेतला तर ५२ मि.मी. चेपणं लागेल, म्हणजे ठोकळा ८० मि.मी. जाड हवा. तेवढी जागा तुमच्याकडे नाही, त्यामुळे तो बॉटम होईल आणि बल कुठच्या कुठे जाईल. नरम म्हणजे सुरक्षित, हा समज इथे मोडतो. ०.३ मेगापास्कलला ३५ मि.मी. लागतात, तुमच्या जागेत बसतात. ईपीपी (फुगवलेल्या पॉलिप्रॉपिलीनच्या) फोममध्ये घनता बदलून ही पातळी मिळवता येते. पुरवठादाराकडून २५ आणि ५० टक्के दाबावरचे आकडे मागा. नुसती घनता ऐकून फोम निवडू नका.

ठोकळ्यामागे काय आहे तेही पाहा. दाराच्या आतल्या पत्र्याला काचेची यंत्रणा बसवायला मोठी भोकं असतात. ठोकळा नेमका त्या भोकासमोर आला तर तो चेपण्याऐवजी भोकातून मागे जातो. सिम्युलेशनमध्ये बल कमी दिसतं, सगळे खूश होतात, आणि दहा मिलिसेकंदांनी मागची मोटार पुढे येऊन आदळते. स्टॅक-अप नावाचा कागद त्यासाठीच करतात. पेल्व्हिसच्या रेषेत बाहेरचा पत्रा, बीम, काच, काच वर-खाली करणाऱ्या रेग्युलेटरची पट्टी, मोटार, आतला पत्रा, फोम, पॅड असं एकेक लिहायचं आणि पुढे ती वस्तू पूर्ण चेपल्यावर उरणारी जाडी मांडायची. बेरीज पाहिली की न चेपणाऱ्या वस्तू एकाच रेषेत किती दाटल्यात ते दिसतं. स्पीकर खाली आणि पुढे, पायांकडे ढकलतात त्याचं एक कारण हेच. त्याचा चुंबक चेपत नाही.

आता आर्मरेस्ट. मला विचाराल तर दारातला सगळ्यात अवघड तुकडा हाच. तो नेमका पोटाच्या आणि खालच्या बरगडीच्या उंचीला येतो. ताकद तर लागतेच. माणूस उतरताना त्यावर कोपर टेकून अख्खा भार देतो, आणि दार ओढून लावताना त्यातलीच कडी हजारो वेळा हिसडली जाते. म्हणजे वरून दाबलं तर ताठ, आत ओढलं तर ताठ, पण बाहेरून आत ढकललं तर मात्र कोसळणारा हवा. नवखा डिझाइनर वरचा भार पेलायला खालून आडव्या रिब्स (प्लास्टिकच्या पातळ आधारपट्ट्या) देतो, दारापासून माणसाकडे जाणाऱ्या. धडकेत त्या टोकाटोकाने उभ्या राहतात आणि आर्मरेस्ट पोटात खुपसलेल्या कोपरासारखा घुसतो. रिब्स गाडीच्या लांबीच्या दिशेने द्या. वरचा भार त्या पेलतात आणि आडव्या दाबाखाली एकामागून एक आडव्या पडतात. जिथे आडवी रिब टाळताच येत नाही तिथे तिला खाच मारा.

कडीचा ब्रॅकेट याहून वाईट. तो बऱ्याचदा पत्र्याचा असतो, थेट दाराच्या आतल्या पत्र्याला स्क्रूने आवळलेला. एखाद्या गॅरेजमधून बाजूने ठोकलेल्या गाडीचा डोअर पॅड मागून आणा आणि उलटा करून टेबलावर ठेवा. कडेने प्लास्टिकच्या क्लिपा दिसतील, बऱ्याच तुटलेल्या. मधोमध कडीच्या खाचेमागे स्क्रूचा खांब दिसेल, त्याभोवती प्लास्टिक पांढरं पडलेलं असेल. ताण जिथे जिथे गेला ते तो पांढरेपणा दाखवतो. खांब शाबूत आणि भोवतीचं सगळं फाटलेलं असेल, तर समजा ब्रॅकेट सरकला नाही आणि पॅडच त्याच्यावर फुटला. ब्रॅकेट नीट वाकलेला असेल आणि खांबाची खाच लांबट झाली असेल, तर कुणीतरी विचार केलेला आहे. स्क्रूचं भोक लांबट ठेवून, ओढताना अडेल आणि दाबताना घसरेल असं करता येतं. खर्च जवळजवळ शून्य.

फुटण्याबद्दल मानकाचं म्हणणं साधं आहे. आतली कुठलीही वस्तू अशी सुटता कामा नये की तिच्या टोकदार किंवा फाटक्या कडांनी इजेचा धोका वाढेल. पॅड फाटला तर चालेल, धार आली तर नाही. म्हणून बटणांचं पॅनल, वरची शोभेची चकचकीत पट्टी, क्रोमचा मुलामा दिलेले तुकडे हे सगळं तपासा. क्रोमचा मुलामा दिलेलं प्लास्टिक काचेसारखं फुटतं. ते छातीसमोर नको, पुढे डॅशबोर्डकडे असू द्या. मानकात आणखी एक अट आहे, जी पोरं विसरतात: धडकेत दार उघडता कामा नये, आणि नंतर माणसाला काढता येतील इतकी दारं हत्याराशिवाय उघडली पाहिजेत. पॅडचे तुकडे आतल्या हँडलच्या केबलमध्ये अडकले तर तिथेच मार्क गेले.

तापमान विसरू नका, सोलापुरात राहून तर नाहीच. एप्रिल-मे मध्ये बाहेर ४२-४३ अंश असतं तेव्हा उन्हात उभ्या गाडीतला पॅड त्याहून कितीतरी तापतो. पॉलिप्रॉपिलीन आणि ईपीपी दोन्ही अशा वेळी नरम होतात. खोलीच्या तापमानाला ५.२ किलोन्यूटनवर बसवलेला ठोकळा तेव्हा आधीच बॉटम होईल. उलट लडाखच्या थंडीत तोच पॅड ठिसूळ होऊन कपच्या उडतील. तुमची चाचणी दोन्ही टोकांना करा. एक नमुना ओव्हनमधून थेट काढून आणि एक डीप फ्रीझरमधून. एवढं केलंत तरी परीक्षकांपुढे बोलायला खूप असेल.

मानकातला डमी सरासरी बांध्याच्या पुरुषाचा आहे आणि तो पुढच्या सीटवर बसतो. बुटकी बाई सीट पुढे घेऊन बसते, तिची कंबर त्याच दारात वेगळ्या जागी येते. म्हणून पेल्व्हिसचा ठोकळा पुढे-मागे लांबट ठेवा. १५० मि.मी. मी हिशोबासाठी घेतले, प्रत्यक्षात जास्त हवेत. मागच्या दाराला तर या चाचणीत डमीच नाही. मग काटकसर कुठे होणार ते सांगायला नको. आपल्याकडे तुळजापूर-पंढरपूरला निघालेल्या गाडीत मागे किमान तिघं असतात, त्यातलं एक मूल दाराला डोकं लावून झोपलेलं. ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या भारत एनकॅपमध्ये (गाड्यांना सुरक्षेचे स्टार देणाऱ्या चाचणीत) मागच्या सीटवर लहान मुलांचे डमी बसवतात आणि खांबावर बाजूने आदळण्याची ताशी २९ कि.मी. ची चाचणीही आहे, हे चांगलं झालं. खांब २५४ मि.मी. व्यासाचा असतो. आपल्या जुन्या रस्त्यांच्या कडेला असलेली कडुलिंबाची आणि चिंचेची झाडं आठवा. घसरलेली गाडी झाडावर कुशीने जाते तेव्हा डोअर पॅड काहीच करू शकत नाही. तिथे डोक्याला वाचवते ती छताच्या कडेतून खिडकीवर उलगडणारी कर्टन एअरबॅग. गाळप हंगामात दुभाजकाच्या फटीतून अचानक आडवा येणारा उसाचा ट्रॅक्टर किंवा उंच ट्रक, त्यांचंही तेच. त्यांचं नाक ट्रॉलीच्या ठोकळ्यापेक्षा वर, खिडकीच्या पातळीला लागतं.

शेवटचं, जे अभ्यासक्रमात नसतं पण गावातल्या प्रत्येक ॲक्सेसरीच्या दुकानात घडतं. नवी गाडी घेतली की पहिल्या आठवड्यात घट्ट रेक्झिनची सीट कव्हरं चढतात. साइड एअरबॅग सीटच्या पाठीच्या बाहेरच्या कडेत असते, तिथे ‘एअरबॅग’ लिहिलेली छोटी चिट्टी शिवलेली असते. ती शिवण फाडून एअरबॅग बाहेर येते. त्यावर जाड रेक्झिन आवळलं की ती उशिरा येते किंवा भलतीकडे वळते, आणि वीस मिलिसेकंदांच्या कामात उशीर म्हणजे न आल्यासारखंच. कडेला कच्च्या दोऱ्याची शिवण ठेवलेली कव्हरं मिळतात, ती मागावीत.

दुसरं, मोठे स्पीकर. काही गाड्यांत एअरबॅगचा एक सेन्सर दाराच्या पोकळीतला हवेचा दाब मोजतो. बाहेरचा पत्रा आत दबला की पोकळीतली हवा दाबली जाते आणि ते काही मिलिसेकंदांत कळतं. आतल्या पत्र्याला कटरने नवं भोक पाडलं, किंवा पॅडमागची प्लास्टिकची शीट फाडून तशीच सोडली, तर हवा निसटते आणि सेन्सरला दिसणारा दाब बदलतो. कंट्रोलरचं गणित कंपनीच्या दारावर बसवलेलं असतं, कापलेल्या दारावर नाही. पॅड परत बसवताना फोमचा ठोकळा ‘पॅकिंगचा असेल’ म्हणून काढून ठेवणारे मिस्त्रीही मी पाहिलेत.

तुमच्यासाठी काम एवढंच: पूर्ण गाडीचं सिम्युलेशन बाजूला ठेवा. वर्कशॉपमध्ये दोन उभ्या गाइड रॉडवर १५ किलोचं वजन साधारण १.२७ मीटर उंचीवरून सोडा, खाली येईस्तोवर सेकंदाला ५ मीटर वेग मिळतो. खाली आधी नुसता ठोकळा ठेवा, मग ठोकळा अधिक पॅड, मग मागे भोक असलेला पत्रा. वजनाला ॲक्सिलरोमीटर लावा, भोवती जाळी हवीच, आणि वजन सोडायची दोरी दूर उभं राहून ओढा. तिन्हींचे बल-विरुद्ध-चेपणं असे आलेख एकावर एक काढा. तिसरा आलेख पहिल्यापेक्षा नेमका कुठे वेगळा पडतो ते पाहून ठोकळ्याची जागा ठरवा, त्यानंतर घनतेला हात घाला.